लातूरमधल्या आमच्या ३० खाटांच्या रुग्णालयात फारसा खर्च न करता रुग्णसुरक्षा वाढवायची आहे. सुरुवात कुठून करावी?

ऑपरेशन थिएटरपासून करा: जागतिक आरोग्य संघटनेची १९ मुद्द्यांची शस्त्रक्रिया सुरक्षा यादी प्रत्येक पेशंटच्या वेळी मोठ्याने वाचा. खर्च एका कागदाचा. भूल देण्याआधी, चिरा घेण्याआधी आणि पेशंट बाहेर नेण्याआधी असं तीनदा थांबायचं. २००९ साली नवी दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. यादी वापरायला लागल्यावर मृत्यूचं प्रमाण १.५ वरून ०.८ टक्क्यांवर आलं होतं. मी मराठवाड्यातच थिएटर सिस्टर आहे आणि मला त्यातला ओळख पटवण्याचा मुद्दा सगळ्यात मोलाचा वाटतो. "तुम्ही लक्ष्मीबाई ना?" असं विचारू नका, घाबरलेलं माणूस कशालाही मान डोलावतं. त्यांनाच विचारा:

- तुमचं पूर्ण नाव काय?
- ऑपरेशन कशाचं, कोणत्या बाजूचं?

मग मनगटावरच्या पट्टीवरचा नोंदणी क्रमांक केसपेपरशी ताडून बघा. नुसत्या नावावर, जन्मतारखेवर जाऊ नका. आपल्याकडे बायकांचं माहेरचं नाव एका कागदावर, सासरचं दुसऱ्यावर असतं, आणि कितीतरी जणांची जन्मतारीख १ जूनच लिहिलेली असते.

मात्र यादी नुसती भरून फाइलला लावली तर उपयोग नाही. कॅनडातल्या ऑन्टारिओत १०१ रुग्णालयांनी ती लागू करूनही मृत्यू लक्षणीय घटले नाहीत, असं २०१४ साली दिसलं. म्हणून नव्या सिस्टरनेही "सर, थांबा" म्हटलं की सर्जनने थांबायचं, हे मोठ्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगावं.