इंग्लंडातले ‘बघू’

तुम्ही सप्टेंबरमध्ये नोकरीसाठी मँचेस्टरला येत आहात. शेवटच्या मुलाखतीत चाचण्यांच्या क्रमाबद्दल तुम्ही एक सूचना केली, तेव्हा तुमचे भावी वरिष्ठ ‘आय विल बेअर दॅट इन माइंड’ असे म्हणाले. ती सूचना मान्य झाली असे समजावे का, आणि उद्या कोणी तुम्हाला सूचना केली तर ‘नोटेड’, ‘पॉइंट टेकन’ आणि ‘फेअर इनफ’ यांपैकी काय म्हणावे, असे तुम्ही विचारले आहे. मी अकरा वर्षे लीड्समध्ये सॉफ्टवेअर तपासणीचेच काम करतो आणि या बाबतीत जे काही कळले ते बहुतेक चुका करूनच कळले, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

तुमची सूचना बहुधा मान्य झालेली नाही. ती फेटाळली गेली असेही नाही. पण तिच्यावर कोणी काम करत असेल अशी अपेक्षा ठेवू नका. हे वाक्य म्हणजे आपले ‘बघू’ आहे. मुलगी पाहून गेलेली मंडळी ‘घरी बोलून कळवतो’ असे म्हणाली, तर त्याचा अर्थ आपण कोणाला विचारत नाही, कारण त्या वाक्याचा सूरच आपल्याला सांगून जातो. इंग्रजी मात्र आपण पुस्तकांतून शिकलेलो असतो, त्यामुळे तिच्यातल्या ‘बघू’लाही शब्दशः धरून बसतो. मी पहिल्या वर्षी अशाच एका ‘बेअर इट इन माइंड’वर विसंबून तीन आठवडे वाट पाहिली आणि दरम्यान निम्मे काम करूनही ठेवले. ते कोणी मागितलेच नाही.

याउलट ‘गुड पॉइंट’ यात दाद असते: हे माझ्या लक्षात आले नव्हते, अशी ती कबुली आहे. तरीही दाद देणे वेगळे आणि कृती करणे वेगळे. ‘गुड शाउट’ हा येथील बोलीतला प्रयोग अधिक भरवशाचा. बैठक दुपारऐवजी सकाळी घ्यावी, अशा व्यवहारी सूचनेला तो मिळतो आणि बहुतेक वेळा ती गोष्ट तशीच होते. ‘लीव्ह इट विथ मी’ म्हणणाऱ्याने काम स्वतःच्या अंगावर घेतलेले असते, त्यामुळे दुसऱ्याच दिवशी त्याच्यामागे तगादा लावू नये. मी आता शब्दांपेक्षा त्यांच्या पुढे काय येते ते पाहतो. कोण करणार आणि कधी करणार हे आले तर सूचना पोचली. ‘बट’ आला, तर आधीचे सारे सौजन्य होते. ‘आय हिअर व्हॉट यू आर सेइंग’ यानंतर तर ‘बट’ उच्चारला नाही तरी तो असतोच.

आता तुम्ही काय म्हणावे ते पाहू. ‘नोटेड’ आपल्याकडच्या कार्यालयांत सर्रास चालतो, कारण ‘नोंद घेतली’ हा आपल्या फायलींवरचा जुना शेरा आहे आणि त्यात कोणाला काही खटकत नाही. येथे मात्र ईमेलमध्ये एकटाच लिहिलेला ‘नोटेड’ तुटक वाटतो. वाचले, पण बोलायची इच्छा नाही, असे त्यातून ध्वनित होते. त्याच्याआधी ‘थँक्स’ लिहिले की बरेच काम भागते. ‘ड्युली नोटेड’ तर विनोदापुरतेच ठेवावे, त्यात उपहासाचा वास येतो. ‘पॉइंट टेकन’ हे चूक दाखवून दिल्यावर म्हणायचे असते, आणि त्यात ‘कळले, आता पुढे चला’ असा किंचित सूर असतो. म्हणून कोणी प्रेमाने केलेल्या सूचनेला ते उत्तर देऊ नका. ‘फेअर इनफ’ म्हणजे तुमचे म्हणणे रास्त आहे, मला पूर्ण पटले नसले तरी वाद घालत नाही. समवयस्क सहकाऱ्याला ते चालते. वरिष्ठांना सुरुवातीला तरी म्हणू नये, असे माझे मत आहे.

सर्वांत मोठा घोटाळा उलट बाजूने होतो. वरिष्ठ ‘यू माइट वॉन्ट टू हॅव अनदर लुक अॅट धिस’ असे म्हणाले, तर ती सूचना नसते. हे पुन्हा करून आणा, असा तो आदेश असतो, फक्त मऊ कापडात गुंडाळलेला. त्यावर मी एकदा मोकळेपणाने ‘आय विल थिंक अबाउट इट’ म्हणालो होतो, आणि समोरच्यांच्या चेहऱ्यावरचे भाव पाहूनही मला काही उमगले नाही. योग्य उत्तर दोनच शब्दांचे आहे: ‘विल डू’.

दुसरी गोष्ट आपल्या ‘हं’ची. समोरचा बोलत असताना आपण हं, हो, हो करत राहतो. त्याचा अर्थ ऐकतो आहे एवढाच असतो. तीच सवय इंग्रजीत ‘येस, येस’ होऊन उतरते आणि ऐकणारा तिला संमती समजतो. माझ्या अशा चार-पाच ‘येस’मुळे एक अहवाल गुरुवारपर्यंत देण्याचे मी कबूल केले, असे ठरले होते, मला ते बुधवारी संध्याकाळी कळले. आता मी ‘राइट’ किंवा ‘आय सी’ म्हणतो आणि शेवटी काय ठरले ते स्वतःच एकदा बोलून घेतो.

तुमच्या गटात अमेरिकेतील सहकारीही असतील, तर एक शब्द विशेष सांभाळा. ‘टेबल’ करणे म्हणजे ब्रिटनमध्ये प्रस्ताव चर्चेला घेणे आणि अमेरिकेत तो बाजूला ठेवणे. दुसऱ्या महायुद्धात एक निवेदन ‘टेबल’ करावे की नाही यावरून दोन्ही देशांच्या लष्करी अधिकाऱ्यांत बराच वेळ कडाक्याचा वाद झाला आणि मुळात दोघांनाही एकच गोष्ट हवी होती, हे नंतर उलगडले, असे चर्चिल यांनी आपल्या युद्धस्मृतींत लिहिले आहे. ‘क्वाइट गुड’चेही तसेच आहे: अमेरिकन माणूस तो शब्द कौतुकाने वापरतो, तर येथे त्याचा अर्थ बऱ्याचदा ‘ठीक आहे, पण फार काही नाही’ असा होतो.

मुलाखतीतली ती सूचना तुम्हाला खरोखर महत्त्वाची वाटत असेल, तर रुजू झाल्यावर पहिले दोन आठवडे तेथील कामाची रीत पाहा आणि मग ती एका उदाहरणासह लेखी पुन्हा मांडा. ‘तुम्ही मनात ठेवतो म्हणाला होतात’ ही आठवण मात्र त्यात करून देऊ नका.