फी कळल्यावर वाढलेली काळजी

कॅलिफोर्नियात स्थायिक झालेले मराठी पालक मला एकच प्रश्न वारंवार विचारतात: कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी महाविद्यालयात, फायर टेक्नॉलॉजी (आग विझवण्याचे आणि रोखण्याचे तंत्र) शिकायला खर्च किती येतो आणि त्यानंतर मुलाचे पुढे काय? म्हणून एका कुटुंबाशी झालेल्या भेटींविषयी, ओळखीचे तपशील बदलून, लिहीत आहे.

वडील पहिल्याच भेटीत म्हणाले, "ताई, फीचा आकडा सांगा, म्हणजे विषय मिटेल." मी हिशेब मांडला. राज्यातील रहिवाशाला एका युनिटला, म्हणजे एका श्रेयांकाला, ४६ डॉलर पडतात आणि दोन वर्षांच्या असोसिएट पदवीला ६० युनिट लागतात, म्हणजे मूळ फी २,७६० डॉलर होते. पुस्तके वेगळी, अग्निशामकांच्या प्रशिक्षणाची अॅकॅडमी करायची असल्यास गणवेश, संरक्षक पोशाख आणि वैद्यकीय तपासणी यांचा खर्च वाढतो, आणि तो कॉलेजकडून आधीच लेखी मागून घ्यावा. उत्पन्न कमी असलेल्यांची युनिटची फी कॉलेज प्रॉमिस ग्रँट या राज्याच्या फीमाफी योजनेतून माफ होते. नागरिक आणि ग्रीन कार्डधारक विद्यार्थ्यांनी फाफ्सा, म्हणजे सरकारी शैक्षणिक मदतीचा अर्ज, भरलाच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

"एवढीच?" असे म्हणून ते गप्प झाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावरची काळजी उलट वाढली. इतक्या स्वस्तात मिळणारे शिक्षण मुलाला खालच्या पायरीवर ठेवील, ही खरी भीती होती. अशी भीती माहितीने जात नाही. घरातल्यांनी एकमेकांचे ऐकले तरच ती सैल होते, असे मी मानते. म्हणून पुढच्या भेटीत मी मुलालाच विचारले की हे त्याच्या मनात आले कधी.

तो म्हणाला, "९ सप्टेंबर २०२०. वणव्यांच्या धुरामुळे आकाश नारिंगी झालं होतं आणि दुपारी घरात दिवे लावले होते."

आई म्हणाली, "तू कधी बोलला नाहीस."

"तुम्ही दोघं मीटिंगमध्ये होतात."

बराच वेळ कोणी बोलले नाही. मग वडिलांनीच विचारले, "तुला आग विझवायची आहे, की आग पसरणार नाही अशा इमारती उभ्या करायच्या आहेत?" हा प्रश्न मी पहिल्या भेटीतही विचारू शकले असते, तो त्यांच्या तोंडून येईपर्यंत मी थांबले, याचे मला समाधान आहे.

कारण या दोन वाटा पहिल्या सत्रापासूनच वेगळ्या होतात. अग्निशामक व्हायचे असल्यास बहुतेक दले आधी ईएमटी (तातडीच्या वैद्यकीय मदतीचे) प्रमाणपत्र, शारीरिक क्षमतेची सीपॅट चाचणी आणि अॅकॅडमीचे प्रशिक्षण पाहतात. पदवीचे वजन मुख्यतः बढतीच्या वेळी जाणवते, आणि तिच्यासाठी लॉस एंजेलिसच्या स्टेट युनिव्हर्सिटीत अग्निसंरक्षणाचा पदवी अभ्यासक्रम आहे. अभियंता व्हायचे असल्यास मात्र कम्युनिटी कॉलेजात कॅल्क्युलस, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र घ्यावे लागते, कारण फायर टेक्नॉलॉजीचे विषय त्यांची जागा घेऊ शकत नाहीत. पुढे मेकॅनिकलची पदवी घेऊन सॅन लुईस ओबिस्पोच्या कॅल पॉली विद्यापीठात फायर प्रोटेक्शन इंजिनीअरिंगचे पदव्युत्तर शिक्षण घेता येते. मेरीलँड विद्यापीठात त्याची थेट पदवी आहे, पण तिथे परराज्याची फी भरावी लागते. कोणता विषय राज्यातील कोणत्या सरकारी विद्यापीठात धरला जातो, हे असिस्ट या संकेतस्थळावर नाव नोंदवण्यापूर्वीच तपासावे. चुकीच्या विषयांत गेलेले वर्ष ४६ डॉलरच्या युनिटपेक्षा फार महाग पडते.

मुलाने पहिल्या सत्रात कॅल्क्युलस आणि अग्निसंरक्षणाचा एक प्राथमिक विषय घेतला आहे, आणि अठरा पूर्ण झाल्यावर तो ईएमटी करणार आहे. कोणती वाट धरायची, हे त्यानंतर तो ठरवील. तोपर्यंत त्याला विचारायचे नाही, असे आईवडिलांनी आपसात ठरवले आहे.