वाचकांचे प्रश्न : क्वार्टरबॅक स्वतः का पळतो?

प्रश्न : आम्ही दोघं सहा महिन्यांसाठी मुलाकडे आलो आहोत. शनिवारी घरातले सगळे ओहायो स्टेट विद्यापीठाची अमेरिकन फुटबॉलची मॅच लावून बसतात, आता आम्हालाही गोडी लागली आहे. पण एक गोष्ट कळत नाही. दरवेळी चेंडू हाती घेऊन पास टाकणारा किंवा दुसऱ्याला देणारा तो क्वार्टरबॅक, त्याच्या हातावर सगळा खेळ चालतो, मग तोच चेंडू पोटाशी धरून सव्वाशे-दीडशे किलोच्या माणसांच्या गर्दीत का घुसतो? पळायला शेजारी रनिंग बॅक उभा असतोच की! मुलगा म्हणतो, "आई, कॉलेजमध्ये असंच असतं." एवढ्याने माझं समाधान होत नाही.
— एक वाचक, कोल्हापूर (सध्या डब्लिन, ओहायो)

उत्तर : ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि 29 नोव्हेंबर 2014ची दुपार डोळ्यांसमोर आली. मिशिगनविरुद्धचा सामना, मी ओहायो स्टेडियममध्ये अगदी वरच्या रांगेत. चौथ्या क्वार्टरमध्ये आमचा क्वार्टरबॅक जे. टी. बॅरेट चेंडू घेऊन पळाला, ढिगाखाली गेला आणि उठला नाही. घोटा मोडला होता. लाखाहून जास्त माणसं क्षणात गप्प झाली. त्या हंगामात त्याच्या नावावर 34 टचडाउन (म्हणजे चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपार नेणं) पासचे होते आणि 11 पळून केलेले. घरी परतताना गाडीत मीही हेच म्हणत होते, कशाला पळवलं या पोराला?

तरीही आज मी म्हणेन, त्याला पळवणं बरोबर होतं. का, ते हिशेबाने सांगते.

दोन्हीकडे अकरा-अकरा जण. क्वार्टरबॅकने चेंडू रनिंग बॅकच्या हाती दिला की तो स्वतः बघ्या झाला. एकाकडे चेंडू, एक बघ्या, म्हणजे वाट मोकळी करायला उरले नऊ. समोर अकरा. दोघांना कोणी अडवणारच नाही, आणि त्यातला एक जण हमखास येऊन पाडणार. आता क्वार्टरबॅक स्वतः पळाला तर? रनिंग बॅक मोकळा झाला, तो पुढे होऊन एकाला अडवतो. अडवणारे दहा झाले. एका माणसाचा हा फरक टीव्हीवर दिसत नाही, पण दोन यार्ड मिळणार की सात, हे बऱ्याचदा त्यावरच ठरतं.

याहून सुंदर युक्ती म्हणजे झोन रीड. मी शाळेत असताना सांगलीला खो-खो खेळायचे. आमच्या बाई सांगायच्या, पाठलाग करणारीचे डोळे बघू नका, डोळे फसवतात, खांदे बघा. खांदे वळले की तिची दिशा ठरली, मग तिला मागे फिरता येत नाही. झोन रीडमध्ये क्वार्टरबॅक नेमकं हेच करतो. समोरच्या फळीतल्या टोकाच्या गड्याला, म्हणजे डिफेन्सिव्ह एंडला, मुद्दाम कोणी अडवत नाही. क्वार्टरबॅक चेंडू रनिंग बॅकच्या पोटाशी धरतो, पण सोडत नाही. नजर त्या एंडवर. त्याचे खांदे आत वळले, तो रनिंग बॅकवर धावून गेला, की चेंडू मागे ओढून क्वार्टरबॅक त्याच मोकळ्या जागेतून बाहेर. एंड जागेवर थांबला, तर चेंडू रनिंग बॅकला. अंगाला हात न लावता एक माणूस खेळातून बाद! नऊ अडवणारे आणि क्वार्टरबॅकची नजर, असे दहा झाले की नाही?

ही युक्ती रुजवणाऱ्यांत रिच रॉड्रिग्ज यांचं नाव पहिलं घेतात. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला ते वेस्ट व्हर्जिनियातल्या ग्लेनव्हिल स्टेट नावाच्या लहानशा कॉलेजात प्रशिक्षक होते. सरावात एकदा चेंडू द्यायची वेळ चुकली. क्वार्टरबॅकने पाहिलं, तर टोकाचा गडी आत धावत सुटलेला. मग तो स्वतःच चेंडू घेऊन बाहेरून पळाला. प्रशिक्षकांनी ती चूक जपून ठेवली. मोठी अवजड पोरं न मिळणाऱ्या कॉलेजला असा एक माणूस फुकटात मिळणं म्हणजे केवढी गोष्ट!

बचाव करणारेही स्वस्थ बसले नाहीत. आता एंड मुद्दाम आत धावतो, क्वार्टरबॅकला वाटतं मैदान मोकळं झालं, आणि मागून बचावाच्या दुसऱ्या फळीतला गडी, म्हणजे लाइनबॅकर, वळसा घालून तिथे हजर. म्हणून नुसतं वेगवान पोरगं पुरत नाही. एकाच्या खांद्यांवरून दुसऱ्याचा डाव ओळखणारं लागतं.

मुलगा "कॉलेजमध्ये असंच असतं" म्हणतो, त्यातही थोडं तथ्य आहे. मैदान कॉलेजमध्ये आणि एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये, दोन्हीकडे 160 फूट रुंदच. पण चेंडू आडवा कुठपर्यंत ठेवायचा, त्या खुणा कॉलेजमध्ये एकमेकींपासून 40 फुटांवर असतात, एनएफएलमध्ये फक्त साडेअठरा फुटांवर. कॉलेजमध्ये चेंडू एका खुणेवर असला की एका अंगाला 60 फूट आणि दुसऱ्या अंगाला 100 फूट गवत. त्या शंभर फुटांत पळणारा क्वार्टरबॅक मोकळा सुटला, तर त्याला धरणं फार कठीण.

मग त्याला किती पळवावं? माझं मत स्पष्ट आहे. दहा यार्ड पुढे जायला चार प्रयत्न मिळतात, त्यातला प्रत्येक म्हणजे एक डाउन. पहिल्या डाउनला, मैदानाच्या मध्यावर, संघ वीस गुणांनी पुढे असताना पळवू नये. त्या दोन-चार यार्डांसाठी रनिंग बॅक आहे. तिसऱ्या डाउनला तीन यार्ड हवेत, किंवा गोलरेषा दहा यार्डांवर आली आहे, तिथे जरूर पळवावं. गोलरेषेजवळ पास टाकायला जागाच उरत नाही, बचावाची मागची पोरं पुढे सरकलेली असतात. अशा वेळी दहावा अडवणारा लाखमोलाचा. 4 जानेवारी 2006ला पॅसाडेनात टेक्सस विद्यापीठाचा क्वार्टरबॅक व्हिन्स यंग याने चौथ्या डाउनला, 5 यार्ड हवे असताना, शेवटची 19 सेकंदं उरलेली असताना उजवीकडून पळत टचडाउन केला आणि यूएससीला (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाला) 41-38 हरवलं. तो डाव मुळात पासचा होता. कोणी मोकळं दिसेना, तसा तो निघाला. पण आधी दिवसभर त्याच्या पायांनी बचावाची दमछाक केली होती. त्या एका सामन्यात तो 200 यार्ड पळाला.

बॅरेट जखमी होऊन बाहेर गेल्यावर काय झालं, तेही सांगते. ऑगस्टमध्ये पहिल्या क्रमांकाचा क्वार्टरबॅक ब्रॅक्स्टन मिलर खांद्याच्या दुखापतीने बाहेर गेला होता, आता हाही गेला. तिसऱ्या क्रमांकाचा कार्डेल जोन्स उभा राहिला. अडीचशे पौंडांचा धिप्पाड गडी, बॅरेटसारखा चपळ नाही. प्रशिक्षक अर्बन मेयर यांनी त्यालाही पळवायचं सोडलं नाही. थोडे यार्ड हवे असले की त्याला सरळ मधून घुसवलं. ओहायो स्टेटने विस्कॉन्सिनला 59-0, अलाबामाला 42-35 आणि अजिंक्यपदाच्या सामन्यात ऑरेगनला 42-20 असं हरवलं. या तीन सामन्यांत रनिंग बॅक इझीकिएल एलियट 220, 230 आणि 246 यार्ड पळाला. बचावाला जोन्सकडे पाठ फिरवायची सोय नव्हती, म्हणून एलियटला वाटा सापडल्या, असं मी मानते. क्वार्टरबॅकचा धाक असा असतो. तो पळाला नाही तरी समोरच्या एकाला जागीच खिळवून ठेवतो.

प्रश्न : क्वार्टरबॅक दोनदा चांगला पुढे पळाला, तरी फोनवर त्याचे पळण्याचे यार्ड उणे 12 दाखवत होते. असं कसं?

उत्तर : पास टाकण्याआधी त्याला मागे पकडून पाडलं, म्हणजे सॅक झाला, की ते गमावलेले यार्ड कॉलेजमध्ये त्याच्या पळण्यातून वजा होतात. एनएफएलमध्ये तसं करत नाहीत, तिथे ते संघाच्या पासमधून जातात. म्हणून कॉलेजच्या आकड्यावरून पोरगं किती पळालं हे ठरवू नका.

प्रश्न : पळता पळता तो घसरून खाली बसतो. हा भित्रेपणा नाही का?

उत्तर : मुळीच नाही. पाय पुढे करून घसरला की चेंडू तिथेच थांबतो आणि त्याला मारता येत नाही. बॅरेटला डोळ्यांदेखत पडलेलं पाहिल्यापासून कोणी घसरलं की मला बरंच वाटतं. मात्र घसरण्याचं सोंग चालत नाही. 4 डिसेंबर 2021ला पिट्सबर्गच्या केनी पिकेटने वेक फॉरेस्टविरुद्ध पळताना घसरल्याची हुलकावणी दिली, बचावाची पोरं थबकली, आणि तो 58 यार्डांचा टचडाउन करून मोकळा झाला. पोरं थबकली ती नियम पाळायला, त्यामुळे मला ते अजिबात रुचलं नाही. तो टचडाउन राहिला. पण आठवड्याभरातच निर्णय आला की असं सोंग केलं, तर जिथे केलं तिथेच चेंडू थांबेल.