अमेरिकेत एफ-१ व्हिसावर शिकणारी मुलगी सुट्टीत लातूरला येणार आहे. परत जाताना अडचण येऊ नये म्हणून काय बघावं?

आधी पासपोर्टमधला व्हिसा किती तारखेपर्यंत आहे ते बघा. तिथे राहताना तो संपला तरी चालतं, परत शिरताना मात्र चालू लागतो. संपला असेल तर नवा डीएस-१६० फॉर्म (व्हिसाचा ऑनलाइन अर्ज), बोटांचे ठसे आणि मुंबईच्या अमेरिकन वकिलातीत मुलाखत. सेविस नंबर (अमेरिकी सरकारकडचा परदेशी विद्यार्थ्याचा नोंदणी क्रमांक) तोच असेल तर सेविस फी पुन्हा भरायची नाही. मुलाखतीची तारीख हातात नसताना तिकीट काढू नका. पासपोर्ट वकिलातीतच राहतो, आणि २२१(जी) ची चिठ्ठी (अजून कागद किंवा तपासणी बाकी आहे, अशी) मिळाली तर किती दिवस अडकेल याचा नेम नाही.

दुसरं, आय-२० च्या (व्हिसासाठी कॉलेज देतं त्या प्रवेशाच्या कागदाच्या) दुसऱ्या पानावरची प्रवासाची सही. ती वर्षभर चालते, ओपीटीवर (शिक्षणाशी संबंधित कामाच्या तात्पुरत्या परवानगीवर) असेल तर सहाच महिने. सही निघायच्या आधीच कॉलेजच्या ऑफिसातून घ्यायला सांगा. पासपोर्ट, आय-२०, फीची पावती हातातल्या बॅगेत. मोठी बॅग इमिग्रेशन झाल्यावरच मिळते.

आता आईने भरलेलं सामान! काळा मसाला, शेंगाचटणी मोठ्या बॅगेत. केबिनमध्ये ३५० मिलीपेक्षा जास्त पूड असली की जादा तपासणी होते, कधी टाकूनही द्यावी लागते. कढीपत्ता अजिबात नको. बाकी खाऊ कस्टम्सला स्वतःहून सांगायचा, लपवला तर दंड.

लातूरहून रात्रीच्या गाडीने मुंबईला येणार असाल तर विमानाच्या आदल्या दिवशीच पोचा. गाडीला उशीर झाला म्हणून विमान थांबत नाही.