वही आधी परत द्या

ताई, तुमचं पत्र मिळालं. तुमची लेक बारावीत आहे. वैद्यकीय महाविद्यालयाच्या संग्रहालयात बरण्यांतले रोगट अवयव बघून आल्यापासून ती ‘पॅथॉलॉजीच करणार’ म्हणते, म्हणजे नमुने तपासून रोग ओळखण्याचं शास्त्र. तुम्हाला हृदयरोगतज्ज्ञ हवी, म्हणून तिची चित्रांची वही तुम्ही कपाटात कुलूप लावून ठेवलीत. तिच्या ८८ टक्के गुणांची मला काळजी नाही, त्या कुलपाची आहे. मुलीची वही चोरून वाचायची, एक पान मला पाठवायचं आणि वर ‘तिला कळू देऊ नका’ अशी तंबी! यात मी तुमच्या बाजूला नाही.

पॅथॉलॉजिस्ट म्हणजे ‘मेलेल्यांची डॉक्टर’ असं तुम्ही लिहिता, हे तर साफ चूक. पॅथॉलॉजिस्टचं बहुतेक काम जिवंत माणसांसाठीच चालतं. काढलेली गाठ फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात, मेणाच्या ठोकळ्यात बसवतात, त्याचे तीन-चार मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) काप काढून गुलाबी-जांभळे रंगवतात. गाठ साधी की कॅन्सरची, ते त्या काचपट्टीवर कळतं. कधी पेशंट भुलीखाली टेबलावर असतो, सर्जन खोळंबलेला असतो आणि गोठवून कापलेल्या तुकड्याचा निकाल वीसेक मिनिटांत द्यायचा असतो. तुमच्या हृदयरोगतज्ज्ञालाही रिपोर्टसाठी यांच्याकडेच यावं लागतं. शवविच्छेदन असतं, नाही असं नाही. इटलीचा वैद्य मोर्गान्यी याने १७६१ मध्ये सुमारे ७०० शवविच्छेदनांच्या आधारेच आजाराचं मूळ अवयवात शोधायला शिकवलं.

वाट सरळ आहे: आधी वैद्यकीय पदवी, मग पॅथॉलॉजीत पदव्युत्तर.

पण ते पान बघून मी अडखळलो. फुप्फुस झकास उतरलंय. बरणीवरची फाटकी चिठ्ठी, क्रमांक, सगळं आहे. आणि खाली बारीक अक्षरात: ‘याचं नाव काय होतं?’

याला काय झालं होतं, असं तिने विचारलेलं नाही; बरणीतला माणूस कोण, ते विचारलंय. आयर्लंडचा चार्ल्स बर्न साडेसात फुटांहून उंच होता. मेल्यावर आपल्याला समुद्रात सोडावं, अशी त्याची इच्छा होती. १७८३ मध्ये तो गेला आणि शव सर्जन जॉन हंटरने मिळवलं. लंडनच्या हंटेरियन संग्रहालयात त्याचा सांगाडा पिढ्यान् पिढ्या लोक बघत राहिले. २०२३ मध्ये संग्रहालय पुन्हा उघडलं, तेव्हा कुठे तो प्रदर्शनातून हटला होता. तुमच्या लेकीचा प्रश्न या गोष्टीतला आहे. वैद्यकाचा इतिहास, संग्रहालयशास्त्र, जुन्या नमुन्यांचं जतन, वैद्यकीय चित्रकला: हे तिला कुणी सांगितलंय का? कदाचित तिला डॉक्टर व्हायचंच नसेल. कदाचित असेलही. तुमच्या दोन पानी पत्रात तिचं एकही वाक्य नाही, मग मी तरी कशावरून ठरवू?

वही परत द्या, वाचली हेही सांगा. पुढचं पत्र तिला लिहू दे.