दिव्यांग मुलांचे शिक्षण आणि कायदा : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : माझ्या सात वर्षांच्या मुलीला बौद्धिक अक्षमता असून तिचे प्रमाणपत्र 50 टक्क्यांचे आहे. घराजवळच्या अनुदानित शाळेने ‘आमच्याकडे विशेष शिक्षक नाही, तिला विशेष शाळेत घाला’ असे सांगून प्रवेश नाकारला. हे कायद्याला धरून आहे का?

उत्तर : नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 31 नुसार, किमान 40 टक्के दिव्यांगत्व असलेल्या 6 ते 18 वर्षे वयाच्या प्रत्येक मुलाला शेजारच्या शाळेत किंवा विशेष शाळेत मोफत शिक्षण घेण्याचा हक्क असून, या दोहोंतील निवड कायद्याने मुलावर, म्हणजे व्यवहारात पालकांवर, सोपवली आहे. विशेष शिक्षक नसल्याची उणीव शाळेने आणि शासनाने भरून काढायची आहे. तिची किंमत तुमच्या मुलीने मोजायची नाही. वाजवी सोयी, म्हणजे मुलाच्या गरजेनुसार करायचे आवश्यक बदल, नाकारणे हा या कायद्याच्या व्याख्येनुसार भेदभावच आहे.

तरीही एक कच्चा दुवा तुम्हाला ठाऊक असावा. भेदभावाविना प्रवेश, अडथळामुक्त इमारत, मुलाच्या गरजेनुसार साहाय्य या गोष्टी सांगणारे कलम 16 शासनाने त्यासाठी ‘प्रयत्न करावा’ अशा मवाळ शब्दांनी सुरू होते, आणि अनेक शाळा याच मवाळपणाचा आधार घेऊन पालकांना तोंडी नकारावर परत पाठवतात, हे मला फार खटकते. म्हणून प्रवेशाचा अर्ज लेखी द्या, त्याची पोच घ्या आणि नकाराचे कारणही लेखी मागा. ही कागदपत्रे जोडून राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते. आयुक्तांनी केलेल्या शिफारशीवर कोणती कारवाई केली, हे संबंधित प्राधिकरणाने तीन महिन्यांत कळवायचे असते.

प्रश्न : मुलाला लिहिताना फार त्रास होतो, पण प्रमाणपत्रावर 40 टक्क्यांहून कमी दिव्यांगत्व आहे. त्याला लेखनिक मिळेल का?

उत्तर : मिळू शकतो. विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये स्पष्ट केले की, लेखनिकाची सोय 40 टक्क्यांच्या अटीत अडकवता येणार नाही. त्यानंतर केंद्र सरकारने 2022 मध्ये अशा परीक्षार्थींसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. लिहिण्यातील अडचण नमूद करणारे वैद्यकीय प्रमाणपत्र परीक्षेच्या बरेच आधी मिळवून ठेवा, कारण ऐनवेळी केलेली मागणी फेटाळणे सोपे असते.

प्रश्न : मी विशेष शिक्षिका आहे. समावेशक शिक्षणामुळे, म्हणजे दिव्यांग मुलांना इतर मुलांसोबत एकाच शाळेत शिकवण्यामुळे, विशेष शाळा बंद होतील का?

उत्तर : कायद्यात तसे कुठेही नाही, कलम 31 ने विशेष शाळेचा पर्याय कायम ठेवला आहे. उलट, 2021 मध्येच सर्वोच्च न्यायालयाने सर्वसाधारण शाळांतील दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी प्राथमिक स्तरावर दहा मुलांमागे एक आणि त्यापुढे पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक असावा, असे प्रमाण घालून दिले. या जागा भरल्या गेल्या, तर पहिल्या प्रश्नातील शाळेला ‘विशेष शिक्षक नाही’ ही सबबही पुढे करता येणार नाही.