पावत्या गायब होत नाहीत, दुसऱ्या फोल्डरात जातात

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. दुकानासाठी सी शार्पमध्ये बिलिंगचा प्रोग्रॅम लिहिलाय, डेटा एसक्यूलाइटमध्ये (एका फाइलमध्ये राहणारा डेटाबेस) आहे आणि कनेक्शन स्ट्रिंगमध्ये, म्हणजे डेटाबेस कुठे आहे ते सांगणाऱ्या ओळीत, फाइलचं नुसतं नाव दिलंय, ‘पावत्या.डीबी’. तुमच्या मशीनवर सगळं व्यवस्थित चालतं. दुकानात मात्र मालकांनी पावतीवरचा लोगो बदलला की जुन्या पावत्या दिसेनाशा होतात आणि नवी पावती १ नंबरपासून सुरू होते. प्रोग्रॅम बंद करून उघडला की जुन्या परत येतात, पण मधल्या वेळेत केलेल्या जातात. डेटाबेस करप्ट होतोय अशी तुमची शंका आहे. आधी पाथ, म्हणजे फाइलचा पत्ता, डी ड्राइव्हवरच्या तुमच्या प्रोजेक्ट फोल्डरचा होता, तो दुकानात चालेना म्हणून रिलेटिव्ह (सापेक्ष, अर्धवट) केलात. आता विचारताय, पुन्हा ॲब्सोल्यूट (ड्राइव्हपासूनचा पूर्ण) करू का?

डेटाबेस धडधाकट आहे. मालकांनी लोगो ज्या फोल्डरातून निवडला, तो दुकानातल्या मशीनवर उघडा. बहुतेक पिक्चर्स किंवा डाउनलोड्स असेल. तिथे तुम्हाला दुसरी एक पावत्या.डीबी सापडेल आणि हरवलेल्या पावत्या तिच्यात असतील. ती डिलीट करू नका, तिच्याकडे शेवटी येतो.

हे कसं होतं ते सांगतो, कारण एकदा हे डोक्यात बसलं की पाथचे निम्मे घोळ दिसायला लागतात. चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमला ‘करंट डिरेक्टरी’ असते, म्हणजे तो त्या क्षणी ज्या फोल्डरात उभा आहे तो फोल्डर. तुम्ही नुसतं ‘पावत्या.डीबी’ म्हणता तेव्हा विंडोज ती फाइल त्या करंट डिरेक्टरीत शोधते. प्रोग्रॅमची ईएक्सई, म्हणजे ज्यावर डबल-क्लिक करतो ती फाइल, कुठे आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. एक्सप्लोररमध्ये ईएक्सईवर डबल-क्लिक केलं की बहुतेक वेळा दोन्ही फोल्डर एकच निघतात, म्हणून आपल्याला वाटतं की रिलेटिव्ह पाथ म्हणजे ईएक्सईच्या शेजारी. ‘मारुतीच्या देवळामागे दुसरं घर’ हा पत्ता गावातल्या गावात बरोबर असतो. पोस्टमन दुसऱ्या गावात उभा असला तरी त्याला मारुतीचं देऊळ सापडतंच, फक्त घर भलत्याचं असतं.

तुमच्या बाबतीत गाव बदलतंय ते ओपन फाइल डायलॉगमुळे. विंडोजचा हा डायलॉग वापरणाऱ्याने ज्या फोल्डरातून फाइल निवडली तो फोल्डर प्रोग्रॅमची करंट डिरेक्टरी करून टाकतो. ते टाळायला ‘रिस्टोअरडिरेक्टरी’ नावाची प्रॉपर्टी आहे, पण ती मुळात बंद असते. लोगो निवडला की तुमचा प्रोग्रॅम पिक्चर्समध्ये उभा. पुढचं कनेक्शन उघडताना तो पावत्या.डीबी तिथे शोधतो, आणि फाइल सापडली नाही तर एसक्यूलाइट तक्रार न करता नवी कोरी फाइल बनवतो. त्यात तुम्ही लिहिलंय की प्रत्येक कनेक्शनला ‘टेबल नसेल तर बनव’ ही आज्ञा देता. म्हणजे ‘असं टेबलच नाही’ ही जी एक एरर येऊन तुम्हाला सावध करू शकली असती, तिचंही तोंड बंद झालं. तुमच्या मशीनवर हे का दिसलं नाही? चाचणी करताना लोगो बहुधा तुम्ही ईएक्सईच्या फोल्डरातूनच उचलत असाल.

आज लगेच करायचं ते एवढंच: कनेक्शन स्ट्रिंगमध्ये पूर्ण पाथ द्या, पण तो प्रोग्रॅमनेच चालू होताना बनवलेला असू द्या. आणि ‘फेलइफमिसिंग’ ट्रू करा, म्हणजे फाइल नसेल तर एरर येईल. तुम्ही सिस्टिम.डेटा.एसक्यूलाइट वापरताय म्हणून हा शब्द सांगतोय. मायक्रोसॉफ्टची दुसरी लायब्ररी वापरणाऱ्यांनी ‘मोड’ रीडराइट ठेवावा, तिचा मूळ मोड फाइल बनवणारा आहे. नवा डेटाबेस फक्त पहिल्यांदा, वापरणाऱ्याला विचारून, वेगळ्या फंक्शनमधून बनवा.

मी यावर एवढा जोर का देतो ते सांगतो. काही वर्षांपूर्वी एका दूध संकलन केंद्रासाठी मी प्रोग्रॅम लिहिला होता. सकाळ-संध्याकाळचं माप, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) आणि दर दहा दिवसांचं बिल. रात्री साडेदहाला बॅकअप व्हावा म्हणून टास्क शेड्युलरमध्ये तोच प्रोग्रॅम लावला, फाइलचं नाव असंच नुसतं. टास्कमध्ये ‘स्टार्ट इन’ नावाचा रकाना असतो, तो मी रिकामा सोडला. तो रिकामा असला की प्रोग्रॅम विंडोजच्या सिस्टिम३२ फोल्डरात उभा राहून सुरू होतो. एरवी तिथे लिहायची परवानगी मिळाली नसती आणि चूक पहिल्याच रात्री उघडी पडली असती, पण मी ‘हायेस्ट प्रिव्हिलेजेस’वर टिक केलेली होती. त्यामुळे रोज रात्री प्रोग्रॅम तिथला रिकामा डेटाबेस उघडायचा, टेबलं आहेत हे बघायचा आणि त्याची नीटनेटकी प्रत पेन ड्राइव्हवर टाकायचा. तारीख ताजी, नाव बरोबर, टेबलं सगळी, आणि आत एका शेतकऱ्याचं एका वेळचंही दूध नाही. तीन महिन्यांनी हार्ड डिस्क गेली तेव्हा हे कळलं. केंद्रावर रोजची छापील यादी जपून ठेवायची शिस्त होती म्हणून निभावलं. दोन मुलं आणि मी, आम्ही चार दिवस बसून त्या याद्या पुन्हा भरल्या. आणि ती मूळ रिकामी फाइल सिस्टिम३२ मध्ये शोधून सापडेना. प्रोग्रॅम ३२ बिटचा आणि विंडोज ६४ बिटची होती, अशा वेळी विंडोज सिस्टिम३२ कडे जाणारी वाट गुपचूप सिसवॉव६४ कडे वळवते. तिथे ती बसली होती.

तेव्हापासून मी कुठलाही पाथ लिहिताना आधी विचारतो: हा कशाच्या सापेक्ष? रिलेटिव्ह वाईट आणि ॲब्सोल्यूट चांगला असं काही नाही. तुमचा डी ड्राइव्हचा पाथ ॲब्सोल्यूट होता आणि तोही मोडलाच. टेकू, म्हणजे पाथ कुठून मोजायचा ते, आपण ठरवायचा, करंट डिरेक्टरीवर सोडायचा नाही.

प्रोग्रॅमसोबत येणाऱ्या आणि कधीच न बदलणाऱ्या फाइली, म्हणजे पावतीचा साचा, फॉन्ट, मदतीची पानं, यांचा टेकू ईएक्सईचा फोल्डर. तो ‘ॲपकॉन्टेक्स्ट.बेसडिरेक्टरी’ने घ्या. ‘असेंब्ली.लोकेशन’ने घेणारी उत्तरं नेटवर बरीच सापडतील, पण सगळं एका फाइलमध्ये पब्लिश केलं की ते रिकामी स्ट्रिंग देतं.

बदलणारा डेटा ईएक्सईच्या शेजारी ठेवू नका. इन्स्टॉलर प्रोग्रॅमला प्रोग्रॅम फाइल्समध्ये टाकतो आणि तिथे साध्या युजरला लिहिता येत नाही. जुने, मॅनिफेस्ट (प्रोग्रॅमला कुठली परवानगी हवी ते विंडोजला सांगणारी माहिती) नसलेले ३२ बिटचे प्रोग्रॅम तिथे लिहायला गेले तर विस्टापासून विंडोज ते लिखाण त्या युजरच्या ‘व्हर्च्युअलस्टोअर’ फोल्डरात वळवते. मग दोन युजरना एकाच फाइलच्या दोन प्रती दिसतात आणि तुम्ही फोनवर तासभर ‘मला तर दिसतंय’ ऐकत बसता. एकाच युजरचा डेटा असेल तर त्या युजरचा लोकल ॲपडेटा फोल्डर. दुकानात मालक आणि नोकर अशी दोन विंडोज खाती असतील तर सगळ्यांचा मिळून असलेला प्रोग्रॅमडेटा फोल्डर, पण तिथे एक बारीक गोष्ट आहे: एका युजरने बनवलेली फाइल दुसऱ्याला वाचता येते, बदलता येत नाही. इन्स्टॉलरमधूनच तुमच्या फोल्डराला सगळ्यांसाठी बदल करण्याची परवानगी द्या.

हे फोल्डर ‘एन्व्हायर्नमेंट.गेटफोल्डरपाथ’ला विचारून घ्या, हाताने लिहू नका. डॉक्युमेंट्स नेहमी सी ड्राइव्हवर युजरच्या नावाखालीच असतो असं धरून चालणारे प्रोग्रॅम वनड्राइव्हने तो फोल्डर आपल्याकडे घेतला की उघडे पडतात.

आता तुमचा लोगो. त्याचा पिक्चर्समधला पूर्ण पाथ तुम्ही सेटिंगमध्ये साठवताय. उद्या मालकांनी फोटो आवरले की पावतीवर रिकामी चौकट. लोगो निवडला की त्याची प्रत तुमच्या डेटा फोल्डरात करा आणि डेटाबेसमध्ये फक्त फाइलचं नाव ठेवा. पावत्यांच्या पीडीएफचंही तसंच, डेटा फोल्डराच्या सापेक्ष पाथ साठवा. मग नवीन मशीन घेतलं तर अख्खा फोल्डर उचलून ठेवला की काम झालं. क्यूजीआयएस हा नकाशांचा प्रोग्रॅम हेच करतो: नकाशाच्या प्रोजेक्टमध्ये लेयरचे पाथ मुळातच प्रोजेक्ट फाइलच्या सापेक्ष लिहितो, त्यामुळे फोल्डर पेन ड्राइव्हवर घालून दुसरीकडे उघडता येतो. साठवताना तिरकी रेघ पुढची ठेवा, उलटी नको. विंडोजला दोन्ही समजतात, लिनक्सला आणि मॅकला उलटी समजत नाही.

पाथ जोडताना ‘पाथ.कंबाइन’ वापरा, पण त्याची एक खोड लक्षात असू द्या. दुसरा तुकडा रेघेने सुरू झाला, समजा ‘\साचे\पावती’, तर तो पहिला तुकडा टाकूनच देतो आणि तुम्ही ड्राइव्हच्या मुळाशी पोचता. उलट दिशेला, पूर्ण पाथवरून सापेक्ष काढायला ‘पाथ.गेटरिलेटिव्हपाथ’ आहे. डॉटनेट कोअर २.० पासून मिळतं, जुन्या फ्रेमवर्कमध्ये नाही. दोन पाथ वेगळ्या ड्राइव्हवर असतील तर ते पूर्ण पाथच परत देतं, कारण सी वरून डी वर ‘दोन पायऱ्या मागे’ जाऊन पोचता येत नाही. हा अपवाद कोडमध्ये धरा.

तुम्ही विचारलं नाहीत, पण मराठी दुकानांसाठी लिहिताय म्हणून देवनागरी नावांबद्दल सांगायलाच हवं. विंडोजमध्ये मराठीला स्वतःचं एएनएसआय कोडपेज (युनिकोडआधीच्या पद्धतीचा अक्षरांचा तक्ता) नाही, देवनागरी फक्त युनिकोडमधून. कुठलीही जुनी लायब्ररी एएनएसआय फंक्शन वापरत असेल तर पाथमधल्या प्रत्येक मराठी अक्षराचं प्रश्नचिन्ह होतं, आणि फाइलच्या नावात प्रश्नचिन्ह चालतच नाही. विंडोजचं खातं मराठी नावाने असेल तर अख्खा ॲपडेटाच त्या नावाखाली येतो. चाचणीसाठी तुमच्या मशीनवर देवनागरी नावाचं एक खातं बनवाच, पाच मिनिटांचं काम आहे.

दुसरी अडचण खास आपली आहे. ‘शेतकऱ्यांच्या पावत्या’ हे फोल्डरचं नाव घ्या. त्यातला ‘ऱ’ युनिकोडमध्ये एका कोडने लिहिता येतो, किंवा ‘र’ आणि खाली नुक्ता अशा दोन कोडने. तिसरी तऱ्हा म्हणजे ‘र’, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह. तिन्ही स्क्रीनवर अगदी सारखे दिसतात, विंडोजच्या फाइल सिस्टिमला मात्र ती तीन वेगळी नावं. कीबोर्ड बदलला, झिप मॅकवरून आली, की डोळ्यांसमोर असलेला फोल्डर प्रोग्रॅमला सापडत नाही. ‘नॉर्मलाइझ’ हे फंक्शन पहिल्या दोघांना एक करतं, तिसऱ्याला करत नाही. मी स्वतः ग्राहकाच्या नावावरून फाइलचं नाव कधीच बनवत नाही, त्याचा खातेक्रमांक वापरतो. मराठी नाव डेटाबेसमध्ये आणि पावतीवर, जिथे ते माणसाला वाचायचंय तिथे.

शंका आली की अंदाज करत बसू नका. मायक्रोसॉफ्टचा प्रोसेस मॉनिटर फुकट मिळतो. तुमच्या ईएक्सईचं नाव फिल्टरला लावा आणि लोगो बदलून बघा, प्रोग्रॅम कुठल्या पाथवर काय उघडतोय ते ओळीने दिसेल. शिवाय सेटिंगच्या पानावर ‘डेटा इथे आहे’ म्हणून पूर्ण पाथ छापा आणि शेजारी फोल्डर उघडायचं बटण द्या. फोनवर ग्राहकाला तो वाचून दाखवायला सांगता येतो.

आता त्या मधल्या पावत्या. दुकानातल्या मशीनवर पावत्या.डीबी नावाने सगळीकडे शोध घ्या, जितक्या वेळा लोगो किंवा आणखी काही निवडलं असेल तितक्या प्रती सापडू शकतात. एकही हलवण्याआधी सगळ्यांची नक्कल पेन ड्राइव्हवर घ्या. मग एसक्यूलाइटच्या ‘अटॅच’ आज्ञेने त्या फाइली जोडून त्यातल्या ओळी मुख्य डेटाबेसमध्ये आणता येतात. नंबर मात्र आदळतील, कारण १ पासूनच्या पावत्या मुख्य फाइलमध्येही आहेत. तिथे स्वतःच्या मनाने नवे नंबर देऊ नका. दुकान जीएसटीखाली असेल तर इन्व्हॉइसचा नंबर क्रमाने आणि आर्थिक वर्षात एकदाच आलेला असावा लागतो, आणि जुन्या नंबरांच्या छापील पावत्या गिऱ्हाइकांच्या हातात गेलेल्या आहेत. त्या ओळी वेगळ्या टेबलमध्ये मूळ नंबर आणि तारखेसकट आणा, यादी छापून मालकांना द्या आणि त्यांच्या सीएंना विचारून पुढचं ठरवू द्या. त्या यादीची क्वेरी लिहिताना अडलात तर दोन्ही टेबलांची रचना इथे टाका, मी लिहून देतो.